तपकिरी वाघीण, डिसेंबर १९४२

घाटात मालगाडीच्या वाघिणी घसरल्या असं पेपरात आलं की माझा मुलगा लहानपणी घाबरायचा, त्याला वाटायचं रेल्वेवाले खरंच वाघिणींना कुठेतरी घेऊन चालले होते. आमच्या घरात हा शब्द रोजचा, कारण अप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला गुड्स गार्ड होते आणि कुणी वॅगन म्हणालं की अजूनही त्यांना तो माणूस रेल्वेबाहेरचा वाटतो. तर आजची पोस्ट वाघिणींची आहे, पण दौंडच्या नाहीत, अमेरिकेतल्या, त्यातही वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या, आणि त्याही खऱ्या नाहीत, चौदा सेंटिमीटर लांबीच्या. ज्यांना कंटाळा येणार आहे त्यांनी आत्ताच उठून चहा ठेवा, पोस्ट लांब आहे.

चौदा सेंटिमीटर कसे ते सांगतो. एचओ नावाचं स्केल आहे, त्यात खऱ्या एका फुटाला मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर, म्हणजे साधारण ८७ पट लहान. त्या काळातली अमेरिकेतली नेहमीची बॉक्सकार, म्हणजे बंद वाघीण, आतून चाळीस फूट, म्हणून चौदा सेंटिमीटर. पेन्सिल बॉक्सएवढी वस्तू. तिच्यावर मी गेले पाच महिने रात्री साडेनऊ ते अकरा बसतोय आणि बायकोचं म्हणणं असं की तेवढ्या वेळात माणूस गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतो.

हा नाद इथे पुण्यात लागायला हवा होता खरं तर, कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे आणि मुलाला घेऊन मी तिथे कितीदा गेलो असेन. पण तिथे मी आपला पळणाऱ्या गाड्या बघणारा बाप. खरा किडा चावला शिकागोजवळ. कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं तिकडे होतो, आणि तिथून तासाभराच्या अंतरावर युनियन नावाच्या गावात इलिनॉय रेल्वे म्युझियम आहे, शेतांच्या मध्ये, जुन्या इंजिनांनी आणि डब्यांनी भरलेलं. घरचे सगळे इंजिन बघायला गेले आणि मी एका बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या जुनाट बॉक्सकारवरची बारीक अक्षरं वाचत उभा राहिलो. ही अप्पांची सवय. लहानपणी ते मला यार्डात न्यायचे तेव्हा वाघिणीच्या अंगावर काय काय लिहिलंय ते वाचायला लावायचे, पीओएच, म्हणजे ठरलेली मोठी दुरुस्ती, कुठल्या वर्कशॉपात झालं, कधी झालं, रिटर्न डेट, म्हणजे पुन्हा वर्कशॉपला जायची तारीख, काय आहे. रिटर्न डेट उलटून गेलेली वाघीण सापडली की मला लिमलेटची गोळी मिळायची.

आणि तिथे त्या डब्यावरही तसंच सगळं लिहिलेलं. कंपनीची आद्याक्षरं आणि नंबर, त्याखाली तीन ओळी, क्षमता किती, जास्तीत जास्त किती माल भरायचा, आणि रिकाम्या डब्याचं वजन किती, सगळं पौंडात. आणि वजनाच्या शेजारी छोट्या अक्षरात एक कोड आणि तारीख. हा कोड म्हणजे कुठल्या ठिकाणी डबा पुन्हा तोलला त्याची खूण, आणि तारीख म्हणजे कधी तोलला. कारण लाकूड भिजतं, वाळतं, दुरुस्तीत फळ्या बदलतात, त्यामुळे रिकाम्या डब्याचं वजन बदलत राहतं, आणि भाडं मालाच्या वजनावर, म्हणजे भरलेल्याचं वजन वजा रिकाम्याचं. म्हणून काही वर्षांनी डबा काट्यावर घ्यायचा आणि जुना आकडा रंगाने पुसून नवा आकडा, नवी तारीख घालायची. नवा कोरा डबा असेल तर कोडच्या जागी न्यू असं लिहिलेलं असतं. म्हणजे प्रत्येक डबा अंगावर तारीख घालून फिरतो! मला हे एवढं आवडलं की परत येताना एका हॉबी शॉपमध्ये घुसलो आणि दिसला तो सगळ्यात देखणा डबा उचलला.

तो निघाला पीएस-१. पुलमन-स्टँडर्ड कंपनीची ठरलेल्या नमुन्याची बॉक्सकार, १९४७ पासून काढली आणि एक लाखाच्या वर बनवली, म्हणजे तशी खोटी किंवा दुर्मिळ वस्तू अजिबात नाही. सहा महिने शोकेसमध्ये ठेवला. मग मला जॅक डेलानोचे फोटो सापडले आणि डब्याचं नशीब फिरलं.

डेलानो हा अमेरिकन सरकारच्या नोकरीतला फोटोग्राफर. १९४२ च्या शेवटी आणि १९४३ च्या सुरुवातीला, ऐन युद्धात, त्याला रेल्वेचे फोटो काढायला पाठवलं, आणि त्याने शिकागोच्या यार्डांचे, मग सांता फे रेल्वेने पार कॅलिफोर्नियापर्यंतचे फोटो काढले, त्यातले बरेच कोडाक्रोमवर, म्हणजे रंगीत. हे सगळे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत, मोठ्या साइझमध्ये, आणि कोडाक्रोम एवढं जबरदस्त की झूम करत गेलं तरी चित्र फाटत नाही, डब्याच्या छतावरची चालायची फळी दिसते, फळीवरचा बर्फ दिसतो. तेव्हाच्या शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे कंपनीचं प्रोव्हिसो यार्ड म्हणून शहराच्या पश्चिमेला एक अवाढव्य यार्ड आहे, त्याचे उंचावरून घेतलेले फोटो आहेत डिसेंबर १९४२ चे. मी तिथून जवळच राहत होतो आणि कधी बघायला गेलो नाही, ही चुटपुट आहेच.

त्या फोटोंनी माझे दोन गैरसमज काढले. एक, मला वाटायचं जुन्या मालगाड्या रंगीबेरंगी असतील, कारण मॉडेलच्या दुकानात तशाच दिसतात, पिवळे रेफ्रिजरेटर डबे, त्यावर बिअरच्या नाहीतर मटणाच्या कंपन्यांच्या जाहिराती. फोटोत काय, तर तपकिरी. तपकिरी, त्याच्या शेजारी जास्त मळलेला तपकिरी, मग काळपट तपकिरी, मधेच एखादा काळा कोळशाचा डबा आणि फळंभाज्यांचा एखादा पिवळा-नारिंगी, तोही काजळीने माखलेला. जाहिरातवाल्या डब्यांचं तर असं झालेलं की १९३४ मध्ये इंटरस्टेट कॉमर्स कमिशननेच, म्हणजे रेल्वेच्या भाड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने, ते बंद करायला लावले, कारण एकाची जाहिरात रंगवलेल्या डब्यात दुसऱ्याचा माल कोण भरणार, आणि जाहिरातीच्या नावाखाली भाड्यात आडून सूट दिली जायची. म्हणजे माझ्या १९४२ मध्ये ते असूच शकत नाहीत.

दुसरा गैरसमज, की सगळे डबे एका उंचीचे असतात. अजिबात नाही! पेन्सिल्व्हेनिया रेलरोडची १९२४ पासूनची एक्स २९ ही बॉक्सकार आतून ८ फूट ७ इंच उंच, १९३२ चा स्टँडर्ड डबा ९ फूट ४ इंच, आणि १९३७ चा स्टँडर्ड १० फूट. पहिला आणि शेवटचा यांच्यात सतरा इंचांचा फरक, मॉडेलवर जवळजवळ पाच मिलिमीटर. पाच मिलिमीटर म्हणजे ह्या धंद्यात हत्ती. गाडीच्या छतांची रेघ दात पडलेल्या फणीसारखी वरखाली दिसते आणि ती तशी दिसली की लगेच खरी वाटते, का वाटते ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. बाकी कुठलाही बारकावा सोडा पण हा सोडू नका असं मी कुणालाही सांगेन.

मग मी ठरवलं. एक ठिकाण, एक महिना. प्रोव्हिसो, डिसेंबर १९४२. जे त्या महिन्यात तिथे असू शकत नव्हतं ते माझ्या रुळावर नाही. पीएस-१ गेला, अजून पाच वर्षं आहेत त्याला जन्माला यायला. (तो सध्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर पेनं ठेवायला आहे, छत काढून.) स्टॅनरे कंपनीचं तिरक्या घड्यांचं छत गेलं, ते १९४८ चं. पेन्सीच्या, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया रेलरोडच्या, डब्यावरचं सावलीवालं कीस्टोनचं चिन्ह गेलं, ते १९५४ चं. जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या आर्चबार बोगी गेल्या, कारण त्यांचे नटबोल्ट ढिले व्हायचे, पट्ट्या तुटायच्या, आणि तोपर्यंत असा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळावर न्यायला बंदी झाली होती. इथे बोगी म्हणजे आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो ती नव्हे हं, डब्याखालची चार चाकांची गाडी, अमेरिकेत तिला ट्रक म्हणतात आणि मी दुकानात पहिल्यांदा ट्रक मागितले तेव्हा काय मिळतंय त्याची मलाच खात्री नव्हती.

बोगीवरून आठवलं, हे विषयांतर आहे पण मला राहवत नाही. लीड्स फोर्ज नावाचा इंग्लंडमधला कारखाना, त्याचा मालक सॅमसन फॉक्स. त्याने पोलादाचा पत्रा गरम करून साच्यात दाबून बोगीच्या फ्रेम बनवायचं तंत्र काढलं, आणि ह्या फॉक्स बोगी अमेरिकेत मालडब्यांखाली भरपूर खपल्या, डायमंड जिम ब्रेडी म्हणून एक हिऱ्यांनी मढलेला प्रसिद्ध सेल्समन होता, त्याची कमाई सुरुवातीला ह्याच बोगी विकून झाली. आणि त्याच लीड्स फोर्जने कुणाच्या वाघिणी बनवल्या? आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्या! १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी गेजवर जी छोटी गाडी सुरू झाली ती एव्हरार्ड कॅलथ्रॉपची, त्याने दाबलेल्या पोलादाच्या हलक्या बोगी-वाघिणी लीड्स फोर्जकडून करून घेतल्या, म्हणजे एका चाकावर बोजा कमी आणि माल जास्त. त्याच वर्षी तिकडे पिट्सबर्गला शोएन नावाच्या कारखानदाराने कोळशा-खनिजासाठी दाबलेल्या पोलादाच्या हॉपरची, म्हणजे खालून उघडणाऱ्या डब्यांची, मोठी ऑर्डर घेतली होती. म्हणजे कुर्डुवाडी आणि पिट्सबर्ग एकाच वर्षी एकाच रस्त्याला लागले होते. अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपचं काही सांगू नकोस, मी तिथे तीन महिने काढलेत. माझ्या १९४२ मध्ये फॉक्स बोगी उरलेल्या नाहीत म्हटलं तरी चालेल, म्हणून ती हौस भागली नाही. कधीतरी बार्शीची वाघीण करणार मात्र आहे.

आता डबे कुठले घ्यायचे. माझ्याकडे बेडरूमच्या भिंतीला सात फुटांचं शेल्फ, दोन रूळ, एकेकावर तेरा डबे बसतात, एकूण सव्वीस. पहिल्यांदा मी काय केलं, तर गोड नावांच्या मागे लागलो. मेरीलँड अँड पेन्सिल्व्हेनिया म्हणून एक चिमुकली कंपनी होती, लोक तिला मा अँड पा म्हणायचे, आता हे नाव मराठी माणसाने कसं सोडायचं! पण बाल्टिमोर ते यॉर्क एवढ्याशा रुळाच्या कंपनीचा डबा माझ्या सव्वीसात कशाला येईल. बॉक्सकारचा हिशोब असा असतो की बॉक्सकार कुणाचीही असली तरी कुठेही जाते, रिकामी झाली की जवळपास जो माल मिळेल तो भरतात आणि पाठवतात, त्यामुळे घरच्या कंपनीचे डबे बाजूला काढले तर उरलेले परके डबे साधारण देशात ज्या कंपनीचे जितके डबे आहेत त्या प्रमाणात दिसतात. सगळ्यात जास्त डबे पेन्सीचे आणि न्यूयॉर्क सेंट्रलचे. मग शिकागो असो की ओरेगन, पेन्सी दिसणारच. पण कोळशाच्या हॉपरला हा नियम लावायचा नाही, ते खाणीपासून गिऱ्हाइकापर्यंत जातात आणि रिकामेच परत येतात, आणि रेफ्रिजरेटर डब्यांचं सगळं त्यांच्या मालक कंपन्यांच्या हातात, पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस वगैरे, कॅलिफोर्नियातून बर्फ घालत घालत पूर्वेला यायचे.

मापं कुठून मिळतात तर ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर म्हणून एक जाडजूड छापील यादी निघायची, वर्षातून अनेकदा, त्यात प्रत्येक कंपनीच्या नंबरांच्या मालिका आणि त्या मालिकेतल्या डब्यांची आतली लांबी, रुंदी, उंची, क्षमता आणि किती डबे शिल्लक आहेत ते. जुने अंक स्कॅन करून लोकांनी ठेवलेत. वाचायला टेलिफोन डिरेक्टरीएवढंच रसाळ, पण मी रात्री झोपताना वाचतो.

तर ह्या हिशोबात मला पेन्सीच्या दोन एक्स २९ लागत होत्या. एक झाली, दुसरीवर हे पाच महिने गेले. ही पूर्ण पोलादी बॉक्सकार, त्या काळात जेव्हा बाकीचे अजून लाकडी फळ्या ठोकत होते तेव्हा पेन्सीने हजारोंनी बनवली, पंचवीस हजारांहून जास्त. दिसायला एकदम साधी, सपाट बाजू आणि खिळ्यांच्या म्हणजे रिव्हेटच्या रांगा. सुरुवातीच्या डब्यांची टोकंसुद्धा सपाट पत्र्याची, नंतरच्यांना ड्रेडनॉट टोकं, म्हणजे आडव्या फुगीर पन्हळी दाबलेली, धान्याचं पोतं आतून आदळलं तरी पत्रा फुगू नये म्हणून. दारंसुद्धा आधी वेगळी, नंतर यंगस्टाउनची पन्हळीची. म्हणजे नुसतं एक्स २९ म्हणून भागत नाही, कुठल्या वर्षाची ते ठरवायचं, मग त्या वर्षाच्या नंबरांची मालिका बघायची, मग त्यातलाच नंबर घालायचा. मी फोटोवरून एक सपाट टोकाची ठरवली कारण पहिली ड्रेडनॉटवाली होती.

आणि एक्स २९ ला एक खास दुखणं होतं, बाजूचे पत्रे खालच्या कडेला गंजायचे, आत पाणी साचून. मग रेल्वेवाले पूर्ण पत्रा न बदलता खालच्या बाजूला ठिगळ रिव्हेट करायचे, सलग पट्टीचं नाहीतर तुकड्यातुकड्यांचं. युद्धाच्या काळात डबा थांबवायला वेळ कुणाला! ते ठिगळ मी बारीक प्लॅस्टिकच्या पत्र्याचं केलं आणि त्यावर रिव्हेटचे डिकल लावले, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचा पातळ कागदासारखा पापुद्रा ज्यावर रेझिनचे उंचवटे असतात, एकेक मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. सत्तर एक रिव्हेटांपैकी चार उडाले. ते चार कुठे आहेत ते मी सांगणार नाही.

डब्याच्या पोटाखालचं काम ह्यात सगळ्यात जास्त वेळ खातं आणि सगळ्यात कमी दिसतं. अमेरिकेत तेव्हाच एअर ब्रेक. आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं व्हॅक्युम होता, अप्पांची पूर्ण नोकरी व्हॅक्युमवर गेली. तिकडे जुना प्रकार के ब्रेक, त्यात सिलिंडर आणि हवेची टाकी बहुतेक वेळा एकाला एक चिकटलेली, आणि १९३३ पासून नवीन डब्यांना एबी ब्रेक, त्यात सिलिंडर वेगळा, दोन कप्प्यांची टाकी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा, तिघं डब्याखाली तीन ठिकाणी लटकलेले आणि पाइपांनी जोडलेले. १९४२ मध्ये दोन्ही एकत्र चालायचे, के पूर्ण बंद व्हायला १९५० चं दशक उजाडलं. माझी एक्स २९ १९२० च्या दशकातली, तर मी के ब्रेकच ठेवला. सिलिंडरचा दांडा तरफेला, तरफेपासून एक सळई ह्या बोगीला, दुसरी त्या बोगीला, आणि एक साखळी हातब्रेकच्या चाकाकडे. हे सगळं सलग जोडलेलं असलं पाहिजे, म्हणजे मनातल्या मनात हवा सोडली तर ब्रेक लागला पाहिजे. माझा पहिला डबा असा होता की त्याचा ब्रेक लावला असता तर एक बोगी थांबली असती आणि दुसरी पळाली असती. दुरुस्त केला. कुणाला दिसतो? मला दिसतो.

सळयांसाठी आणि शिडीच्या पकडींसाठी तार लागते आणि इथे आपल्याला जरा फायदा आहे. खरी पकड पाऊण इंच जाडीची, ८७ ने भागलं की जेमतेम पाव मिलिमीटरच्याही आत. तिकडून मागवलेली फॉस्फर ब्राँझची तार पार्सलमध्ये अडकली, कुरिअरवाल्याने मला तीन आठवडे ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दाखवलं आणि शेवटी परत पाठवली. मग डोक्यात आलं की एवढी बारीक तार रोज कोण वापरतं, तर सतारीवाले. तंतुवाद्यांच्या दुकानात गेलो, दुकानदार मिरजेचा, त्याने विचारलं बाजाची हवी की चिकारीची, मी म्हणालो पाव मिलिमीटरच्या आत जी असेल ती. पोलादी तार वाकवायला हट्टी, परत सरळ होऊ बघते, पण ब्राँझची छान वळते. दुकानदाराने विचारलं वाजवता का, मी म्हणालो नाही, वाघिणीला लावायचीय. पुढे काही बोलला नाही, सुट्टे परत देताना मात्र माझ्याकडे नीट बघितलं.

चाकांचं थोडक्यात. मॉडेलची नेहमीची चाकं जाड असतात, २.८ मिलिमीटर, टोकाकडून बघितलं की रोडरोलर. खऱ्याच्या हिशोबाने १.७ हवीत पण तेवढ्या बारीक चाकांना रूळही तसे काटेकोर लागतात, मग मधली सव्वादोनची मिळतात ती घालायची. डब्याचं वजन किती असावं ह्याचाही अमेरिकन मॉडेलवाल्यांचा नियम आहे, एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, माझ्या डब्याला एकशे सहा ग्रॅम होतात, नाहीतर तो वळणावर उडतो. टायरवाल्याकडची चाक बॅलन्स करायची वजनं आत चिकटवली, डबा बंद. खरी वाघीण तोलायची आणि खोटीही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, त्यावरूनही बोलणी खाल्ली.

रंग दिला, अक्षरांचे डिकल लावले, आणि वजनाची तारीख घालताना मी फुशारकी मारली. ११-४२. म्हणजे नोव्हेंबर १९४२, गेल्याच महिन्यात काट्यावरून उतरलेला डबा. तारखेचे छोटे छोटे आकडे एकेक कापून चिमट्याने लावायचे, श्वास रोखून, पंखा बंद करून. मग वरून मॅट लॅकर मारला आणि तो जुलै महिना होता आणि बाहेर धो धो. दमट हवेत लॅकर मारू नये हे पुण्यात राहून मला कळायला हवं होतं. सकाळी बघतो तर डबा पांढुरका, जणू कुणी भस्म फासलंय. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, काही उपयोग नाही, शेवटी सप्टेंबरच्या शेवटी ऊन पडल्यावर थिनरचा हलका फवारा देऊन धुकं घालवलं. त्यात एक आकडा गेला, तो परत लावला.

मग मळवायचं काम, हे मला सगळ्यात आवडतं. छतावर इंजिनाची काजळी, टोकांना चाकांनी उडवलेल्या चिखलाची उभी रेघ, पांढरी अक्षरं पावसाने ओघळून खाली आलेली, रिव्हेटच्या भोवती गंज. काजळीला मी काळा रंग वापरत नाही, काळा फार ओरडतो, गडद करडा आणि थोडा तपकिरी. शेवटी खडूच्या खुणा. यार्डातले कारकून डब्यांवर खडूने लिहायचे, कुठल्या रुळावर टाकायचा, कधी आला, माल उतरवला का, डेलानोच्या फोटोत हे गिचमिड प्रत्येक डब्यावर आहे, जुन्यावर नवं. टोकदार पांढऱ्या पेन्सिलने गिरगटलं. दाराशेजारच्या लाकडी पाटीवर रूटकार्डाचा एक चिटोरा, मिलिमीटरभर कागद, त्याचे कोपरे फाटलेले. झालं. शेल्फवर ठेवला, शेजारी दहा फुटी उंचीचा डबा, पाच मिलिमीटरचा तो दात बरोबर दिसतो.

रविवारी अप्पा आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर माझ्यापेक्षा चांगली. भिंग मागितलं. आधी डबा उलटा केला आणि विचारलं, “व्हॅक्युमचा पाइप कुठाय?” मी म्हणालो अप्पा, एअर आहे हो, तुम्हाला मागेच सांगितलं. “हां. ते अमेरिकन.” मग तरफेपासून सळईवर नख फिरवत ह्या बोगीपर्यंत गेले, त्या बोगीपर्यंत गेले, मान हलवली. मला वाटलं पास झालो.

मग डबा सरळ करून बाजूची बारीक अक्षरं वाचायला लागले. एक एक. तोंडाने पुटपुटत. शेवटी थांबले.

“ही तारीख कसली?”

मी सगळं सांगितलं, वजनाची आहे, पुन्हा तोलला की जुना आकडा पुसून ताज्या रंगावर नवा घालतात.

“आणि तुझा महिना कुठला म्हणालास?”

“डिसेंबर.”

“मग नोव्हेंबरात लावलेल्या रंगावर एवढी काजळी कशी? आजूबाजूला मळू दे, ही जागा चौकोनी, कोरी दिसायला नको का?”

बरोबर होतं. अक्षरं आधी लावली आणि मळवणं सगळ्यावरून सारखं फिरवलं. फोटोतही दिसतं ते, मळक्या डब्यावर स्वच्छ चौकोन, मीच शंभरदा बघितलेलं. तारीख मागे नेऊन ५-४० केली तर न पुसता भागेल, असं मी म्हणून बघितलं. अप्पा म्हणाले, “म्हणजे रेकॉर्ड बदलायचं?”

चहा झाल्यावर ते दुपारी झोपले आणि मी थिनर, शून्य नंबरचा ब्रश आणि तपकिरी रंगाची बाटली परत काढली.